रोपांच्या वाढीवर कॅमेऱ्याची नजर

मूल वाढताना आईला दिसत नाही. सहा महिन्यांनी आलेल्या मावशीला मात्र ते दारातच जाणवते : ‘‘अगं, केवढा उंच झाला हा!’’ पिकाचेही असेच असते. रोज बांधावर जाणाऱ्याला रोपाची वाढ दिसत नाही, आठ दिवसांनी गावाहून परतलेल्याला दिसते. पण नवे वाण शोधणाऱ्या शास्त्रज्ञांचे एवढ्यावर भागत नाही. त्यांना आजची वाढ आजच कळायला हवी असते, आणि तीही एका रोपाची नव्हे, शेकडो-हजारो रोपांची. हे किचकट काम आता कॅमेरा आणि संगणक यांच्या जोडीने होऊ लागले आहे. बारामतीच्या माळरानावर आणि बंगळूरच्या वेशीवर चाललेल्या या कामाचा आपल्या ताटातल्या भाकरीशी फार जवळचा संबंध आहे.

एकाच शहराची दोन टोके

बंगळूरच्या इंदिरानगरात शंभर फुटी रस्त्यावरून संध्याकाळी चक्कर मारली, तर शेतीची आठवण यावी असे तिथे फारसे काही दिसत नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आखलेली ही बंगल्यांची शांत वसाहत. २०११ साली मेट्रो आली आणि आज तिथे दुकाने, उपाहारगृहे आणि संगणक व्यवसायातल्या तरुण मंडळींची वर्दळ असते. पुण्याहून, कोल्हापूरहून, बेळगावहून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबेही या शहरात पुष्कळ आहेत. संगणक हेच त्यांच्यापैकी अनेकांच्या उपजीविकेचे साधन.

याच शहराच्या उत्तरेकडे हेब्बाळजवळ कृषी विज्ञान विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. त्याला सगळे ‘जीकेव्हीके’ म्हणतात. दर नोव्हेंबरच्या सुमारास तिथे कृषिमेळा भरतो आणि खेड्यापाड्यांतून शेतकरी लोटतात. आणखी पुढे हेसरघट्टाला भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे. टोमॅटो, मिरची, कांदा, आंबा अशा पिकांवर तिथे काम चालते. कित्येक वर्षे संगणकाचे बंगळूर आणि शेतीचे बंगळूर एकमेकांना ओळख न देता शेजारी राहत होते. ‘संगणकीय दृष्टी’ नावाच्या शास्त्राने या दोघांची गाठ घालून दिली आहे.

संगणकीय दृष्टी म्हणजे छायाचित्रात काय आहे ते संगणकाला ओळखता येणे आणि मोजता येणे. मोबाइल फोन मालकाचा चेहरा ओळखून उघडतो, नाक्यावरचा कॅमेरा गाडीचा नंबर वाचतो, ही तीच विद्या. तिलाच आता पानाकडे बघायला शिकवले जात आहे.

नजर बसलेली माणसे

यंत्रापूर्वी हे काम माणसाच्या डोळ्यांनी केले, आणि फार उत्तम केले. कर्नाटकात ज्यांना ‘रागी लक्ष्मणय्या’ म्हणून ओळखतात, त्या लक्ष्मणय्यांचे उदाहरण घ्या. मंड्याच्या विश्वेश्वरय्या कालवा फार्मवर त्यांनी नाचणीसाठी आयुष्य वेचले. नाचणीचे फूल इतके बारीक, की त्याचा संकर करणे म्हणजे डोळ्यांची आणि हातांची कसोटीच. तरीही त्यांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर घडवून ‘इंडाफ’ नावाचे वाण दिले. ‘इंडिया’ आणि ‘आफ्रिका’ यांच्या पहिल्या अक्षरांवरून पडलेले ते नाव. आज बंगळूरात कुणी रागीमुद्दे खातो, त्यामागे अशा माणसांची तपश्चर्या आहे.

आपल्या महाराष्ट्रात हेच मालदांडी ज्वारीच्या बाबतीत घडले. सोलापूर, मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या पेरल्या गेलेल्या मालदांडीतून मोहोळच्या केंद्रावर निवड करून ‘एम ३५-१’ हे वाण काढण्यात आले. त्यानंतर कितीतरी नवी वाणे आली, पण चवीच्या भाकरीसाठी आणि जनावरांच्या कडब्यासाठी शेतकरी अजूनही मालदांडीचे नाव घेतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

वाण निवडणारा शास्त्रज्ञ शेतातून फिरतो, कणीस हातात घेतो, धाटाची जाडी पाहतो, खालची पाने वाळली का ते बघतो आणि वहीत खूण करतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याची नजर बसलेली असते. मात्र या नजरेला एक मर्यादा आहे. ती एका दिवशी, एका वेळी, एका ठिकाणीच असू शकते.

पगार कधी संपतो?

ही मर्यादा का बोचते, ते रब्बी ज्वारीवरूनच समजते. ही ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. पेरणीनंतर पाऊस जवळजवळ संपलेला असतो. काळ्या जमिनीने पावसाळ्यात पोटात साठवलेली ओल, एवढीच तिची शिदोरी. त्या ओलीवर तिला पाने वाढवायची असतात, फुलायचे असते आणि शेवटी दाणे भरायचे असतात.

आता दोन घरे डोळ्यांसमोर आणा. दोघांचा पगार सारखाच. एका घरी पहिल्या आठवड्यात हौसमौज होते आणि वीस तारखेला उसनवारी सुरू होते. दुसरे घर सुरुवातीपासून हात राखून खर्च करते आणि महिनाअखेरीस आलेला दवाखान्याचा खर्चही निभावून नेते. पाच तारखेला पाहिले तर पहिले घर अधिक सुखी दिसेल. तीस तारखेला चित्र उलटे होते.

रोपांचे नेमके असेच आहे. काही रोपे सुरुवातीला भराभर पाने काढतात. शेत हिरवेगार दिसते, बघणारा खूश होतो. पण जितकी पाने जास्त, तितके पाणी जास्त खर्च होते. दाणे भरण्याच्या सुमारास जमिनीतली ओल संपते आणि कणीस पोचट राहते. काही रोपे मात्र पानांचा पसारा आवरता ठेवतात आणि वाचवलेले पाणी शेवटच्या पंधरवड्यासाठी राखतात. ज्वारी आणि बाजरीवरील संशोधनातून ही गोष्ट चांगलीच स्पष्ट झाली आहे. उशिरापर्यंत हिरवी राहणाऱ्या ज्वारीचे रहस्य पुष्कळदा या काटकसरीतच असते.

म्हणजे केवळ शेवटी उंची किती झाली, एवढे मोजून भागत नाही. दहाव्या दिवशी किती, विसाव्या दिवशी किती, पाणी तोडल्यावर वाढ कधी मंदावली आणि पुन्हा पाणी दिल्यावर कोणी किती लवकर मान वर काढली, ही सगळी कहाणी हवी. रोप किती वाढले यापेक्षा ते कसे वाढले हे कळणे इथे मोलाचे ठरते.

ही कहाणी हाताने लिहायची म्हटले तर काय होते, याचा हिशेब मांडून पाहू. तीनशे वाणांची परीक्षा घ्यायची आहे आणि प्रत्येकाच्या तीन कुंड्या आहेत. झाल्या नऊशे कुंड्या. प्रत्येक रोपाची पाने फूटपट्टीने मोजायला अवघी दोन मिनिटे लागली, तरी एका फेरीला तीस तास लागतील. दिवसाचे तास मात्र चोवीसच! त्यातून रोपाचे खरे वजन हवे असेल तर ते कापून, भट्टीत वाळवून काट्यावर ठेवावे लागते. एकदा कापलेले रोप उद्या किती वाढले असते, हे मग कोण सांगणार? म्हणून आजवर शितावरून भाताची परीक्षा केली जात असे.

दुसरीकडे जनुके वाचण्याचे तंत्र मात्र झपाट्याने पुढे गेले. भाताची संपूर्ण जनुकीय मांडणी २००५ साली प्रसिद्ध झाली, हरभऱ्याची २०१३ साली आणि गव्हाची २०१८ साली. रोपाची कुंडली अशी हाती आली. पण त्या कुंडलीतले कोणते घर दुष्काळात तारणारे आहे, हे ठरवायला प्रत्यक्ष रोपाचे वागणे मोजावे लागते. ते मोजण्याचे काम जुन्याच चालीने चालले होते. एक नवे वाण शेतकऱ्याच्या हाती पडायला साधारण आठ ते बारा वर्षे लागतात. त्यातली दोन-तीन वर्षे वाचली तरी १९७२चा किंवा २०१५-१६चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला त्याची किंमत सांगायला नको.

आलेख कागदापासून पिक्सेलपर्यंत

संगणक पान मोजतो तरी कसा? वाचकांपैकी अनेकांनी हे काम शाळेत स्वतः केलेले आहे. आलेख कागदावर पिंपळाचे किंवा जास्वंदीचे पान ठेवायचे, पेन्सिलीने कडा आखायची आणि आतले चौकोन मोजायचे. पूर्ण चौकोन धरायचे, अर्ध्यापेक्षा लहान सोडायचे. आले क्षेत्रफळ!

संगणकही हेच करतो. फक्त त्याचा आलेख कागद फार बारीक असतो. आजच्या साध्या मोबाइलच्या छायाचित्रातही सव्वा कोटीच्या आसपास ठिपके असू शकतात. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा यांचे प्रमाण आकड्यांत नोंदलेले असते. कोणता ठिपका पानाचा आणि कोणता मातीचा, हे त्या आकड्यांवरून ठरवायचे.

त्यासाठीची एक युक्ती १९९५पासून फार वापरली जाते. हिरव्याच्या आकड्याची दुप्पट करायची आणि त्यातून लाल व निळा वजा करायचे. समजा पानावरच्या ठिपक्यात लाल ६०, हिरवा १२० आणि निळा ४० आहे. हिरव्याची दुप्पट २४०, त्यातून १०० गेले, उरले १४०. मातीच्या ठिपक्यात लाल १२०, हिरवा ९५ आणि निळा ७० असेल, तर दुप्पट १९० आणि वजाही १९०, उरले शून्य! मोठा आकडा आला की पान, लहान आला की माती. सीमारेषा कुठे आखायची, तेही संगणक आपल्या आपण ठरवू शकतो. जपानच्या नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ साली सांगितलेली पद्धत त्यासाठी आजही चालते.

आता ठिपक्यांचे चौरस सेंटिमीटर करायचे. रोपाशेजारी ठरावीक मापाचे रंगीत कार्ड ठेवले की झाले. चार चौरस सेंटिमीटरच्या कार्डाने चार हजार ठिपके व्यापले, तर एका चौरस सेंटिमीटरला एक हजार ठिपके. रोपाचे पासष्ट हजार ठिपके आले, तर पानांचा दिसणारा पसारा पासष्ट चौरस सेंटिमीटर. हा हिशेब करायला संगणकाला काही सेकंद पुरतात. रोपाला धक्का लागत नाही, आणि उद्या त्याच रोपाचे पुन्हा छायाचित्र घेता येते.

माठ आणि पान

कॅमेऱ्याला आपल्या डोळ्यांना न दिसणारेही दिसू शकते. माठातले पाणी गार का होते, हे घरोघरी ठाऊक आहे. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि माठ थंड राहतो. पानांनाही अशीच सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून वाफ बाहेर पडते तोवर पान उन्हातही तुलनेने गार असते. मुळांना पाणी मिळेनासे झाले की रोप ही दारे मिटून घेते. मग पान तापते.

उष्णता टिपणारा अवरक्त कॅमेरा ही वाढ लगेच पकडतो. पिकाने माना टाकल्या की आपल्याला त्याची तहान कळते, पण तोवर उशीर झालेला असतो. कॅमेऱ्याला ती त्याआधीच कळते. आणखी काही कॅमेरे पानातल्या पाण्याचा अंदाज देतात, काही हरितद्रव्य कितपत जोमाने काम करते आहे ते सांगतात. डॉक्टर नाडी, ताप आणि रक्तदाब पाहून एक मत बनवतो, तसाच हा प्रकार.

बारामतीचे माळरान

महाराष्ट्रात हे काम बारामती तालुक्यातील माळेगाव खुर्द येथे चालते. तिथल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेची पायाभरणी २१ फेब्रुवारी २००९ रोजी झाली. ‘अजैविक ताण’ म्हणजे कीड-रोग सोडून पिकावर येणारी बाकीची संकटे : दुष्काळ, उष्णता, पूर, खारवट जमीन. संस्थेला मिळालेली जागाही नावाला साजेशी होती, खडकाळ आणि उघडीबोडकी. ज्या भागात पाऊस बेताचा आणि दगड उदंड, तिथेच दुष्काळाचा अभ्यास करणे तसे उचितच म्हणायचे.

या संस्थेत जर्मनीच्या लेम्नाटेक कंपनीची छायाचित्रण यंत्रणा आहे. अशा यंत्रणेत कुंड्या सरकत्या पट्ट्यावर ठेवलेल्या असतात. विमानतळावर आपल्या बॅगा पट्ट्यावरून फिरत येतात, तशा या कुंड्या एकामागून एक छायाचित्रणाच्या खोलीत जातात. एक छायाचित्र वरून घेतले जाते, एक बाजूने आणि रोप काटकोनात फिरवून आणखी एक. प्रत्येक कुंडीची स्वतंत्र ओळखखूण असल्याने कोणत्या रोपाचे कोणते छायाचित्र, यात घोटाळा होत नाही. कुंड्यांचे वजन करून त्यांना मोजून पाणी देता येते. मग कोणत्या रोपाने किती पाणी पिऊन किती वाढ केली, याचा चोख जमाखर्च मांडता येतो.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत याच कामासाठी मोठे केंद्र आहे. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याला नानाजी देशमुख यांचे नाव दिले आहे. नानाजी मूळचे हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचे. हेसरघट्टाच्या बागवानी संस्थेतही फळे-भाज्यांसाठी अशी सोय आहे. हवामानबदलाला तोंड देणाऱ्या शेतीसाठी २०११ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय उपक्रमातून ती उभी राहिली.

हैदराबादजवळच्या पटांचेरूला ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने वेगळीच वाट धरली. तिथे रोपे जागची हलत नाहीत, त्यांच्या डोक्यावरून मोजणी यंत्रच सरकत जाते. ते रोपाची त्रिमितीय आकृती तयार करते आणि त्यावरून पानांचे क्षेत्र काढते. काही कुंड्या थेट वजनकाट्यावर उभ्या असतात. रोपाने पाणी सोडले की वजन घटते आणि त्याची नोंद होते. ज्वारी, बाजरी, हरभरा, भुईमूग अशी कोरडवाहू शेतकऱ्याची पिके हाच या संस्थेचा विषय. काटकसरी बाजरी कोणती आणि उधळी कोणती, याची निवड करायला याचा उपयोग होतो.

यंत्राची परीक्षा कोण घेणार?

यंत्राने सांगितले म्हणून आकडा खरा धरायचा का? मुळीच नाही. पटांचेरूच्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली आपल्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा आधी त्याचीच परीक्षा घेतली होती. यंत्राने मोजलेल्या रोपांची पाने हातानेही मोजली. दोन्ही आकडे पूर्ण जुळले तर १ धरावे, अशा मापात सुट्या रोपांसाठी ०.८६ ते ०.९४ इतकी जुळणी आली. दाट लावलेल्या रोपांसाठी ती ०.८० ते ०.९६ होती. म्हणजे यंत्र बरेच खरे बोलते, पण पूर्ण नाही.

अशी परीक्षा आपल्या देशाला नवी नाही. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी शंभर वर्षांपूर्वी ‘क्रेस्कोग्राफ’ नावाचे यंत्र बनवले होते. रोपाची हालचाल ते दहा हजार पटींनी मोठी करून दाखवी. मिनिटाभरातली वाढ त्यामुळे डोळ्यांना दिसे. खत दिल्यावर वाढ कशी बदलते आणि विष दिल्यावर ती कशी थांबते, हे त्यांनी दाखवून दिले. इंग्लंडमध्ये काहींनी शंका घेतल्या. तेव्हा १९२० साली लंडनमध्ये नामवंत शास्त्रज्ञांसमोर यंत्राची परीक्षा झाली आणि त्यांनी त्याची सत्यता मान्य केली. त्याच वर्षी बोस रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. आजच्या कॅमेऱ्यांचे हे यंत्र पूर्वज म्हणता येईल.

यंत्राच्या चुकाही जाणून घेण्याजोग्या आहेत. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण कॅमेऱ्यालाही लागू आहे. एक पान दुसऱ्याखाली झाकले गेले की ते हिशेबात येत नाही. म्हणून लहान रोपाचे माप चांगले येते आणि दाट झुडपाचे कमी भरते. पान पिवळे पडले की हिरवा शोधणारे सूत्र त्याला माती समजते. शेतात ढग आला की रंग बदलतात, वारा सुटला की पान हलते आणि तण उगवले की तेही हिरवेच असते!

यातून मार्ग काढण्यासाठी संगणकाला उदाहरणांवरून शिकवतात. ‘हे पान, हे तण, ही ओंबी’ असे हजारो छायाचित्रांवर आधी माणसे खुणा करून देतात. त्यावरून संगणक स्वतः ओळखू लागतो. गव्हाच्या ओंब्या मोजण्यासाठी २०२० साली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून सुमारे ४,७०० छायाचित्रे जमवली. त्यांवर सुमारे १,९०,००० ओंब्यांना खुणा केल्या. यंत्राच्या हुशारीमागे माणसांनीच असे डोळे शिणवलेले असतात. आणि युरोपातील सलग गव्हाच्या शेतावर शिकलेला संगणक आपल्याकडच्या तूर-सोयाबीनच्या मिश्र पिकात गोंधळू शकतो. त्यासाठी आपली शेते, आपली पिके आणि आपल्या उन्हातली छायाचित्रे त्याला दाखवायलाच हवीत.

आणखी एक मोठी अडचण आहे. कॅमेऱ्याला मुळे दिसत नाहीत. दुष्काळातली अर्धी लढाई जमिनीखाली चालते. कुंडीतल्या रोपाची मुळे कुंडीच्या तळाशी अडतात, शेतातली मात्र ओल शोधत खोल जातात. कुंडीत पहिला आलेला वाण शेतात मागे पडू शकतो. म्हणून कॅमेऱ्याने निवडलेली रोपे पुन्हा शेतातच नेऊन, दोन-तीन हंगाम आणि वेगवेगळ्या जिल्ह्यांत पारखावी लागतात. शेवटचा निकाल तिथेच लागतो.

शेतकऱ्याच्या पदरात काय?

बारामतीच्याच ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने अलीकडे मायक्रोसॉफ्टच्या मदतीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केला आहे. २०२४ सालच्या ‘कृषिक’ प्रदर्शनात त्याची प्रात्यक्षिके मांडण्यात आली. उपग्रहाची चित्रे आणि जमिनीतली उपकरणे यांच्या आधारे पाणी-खताचा सल्ला थेट शेतकऱ्याला देण्याचा तो प्रयत्न आहे. वाणाच्या संशोधनात काम करणारा कॅमेरा मात्र शेतकऱ्याशी थेट बोलत नाही. त्याचे फळ बियाण्याच्या पिशवीतून येते, आणि ते यायला वेळ लागतो.

त्यामुळे एक प्रश्न विचारायलाच हवा. महागडा कॅमेरा कोणत्या पिकाकडे वळवला जाणार? ज्या बियाण्याला बाजारात मोठी किंमत आहे, त्याच्याकडे खासगी पैसा आपोआप जातो. ज्वारी, नाचणी, मटकी, कुळीथ यांचे बी शेतकरी बहुधा घरचेच राखतो. त्यांत कंपन्यांना फारसा नफा नाही. अशा पिकांसाठी सरकारी संस्थांचे कॅमेरेच उपयोगी पडायचे. सोलापूर, बीड, सांगलीच्या जत-आटपाडीतल्या कोरडवाहू घराला तारणारी पिके हीच आहेत.

आणि पाणी-दाणा यांचा जमाखर्च ठेवणाऱ्या यंत्राने आजवर नजरेनेच निवड करणाऱ्या माणसाला दूर लोटलेले नाही. कोणते तीनशे वाण कुंडीत लावायचे, हे अजून माणूसच ठरवतो. भाकरी गोड लागते की नाही, कडबा जनावर आवडीने खाते की नाही, हे कोणत्याही कॅमेऱ्याला कळत नाही. मालदांडी इतकी वर्षे टिकली, ती केवळ उत्पन्नामुळे नव्हे. नव्या वाणालाही आधी या चुलीपर्यंत पोचावे लागेल.

घरच्या घरी करून पाहा

बंगळूरात गच्चीवर भाजीपाला पिकवणाऱ्यांची मोठी चळवळ आहे. २०११ साली सुरू झालेल्या ‘ऊट फ्रॉम युअर तोट’ या मेळाव्याने तिला बळ दिले. कानडीत ऊट म्हणजे जेवण आणि तोट म्हणजे मळा. इंदिरानगरच्या गच्चीत काय किंवा डोंबिवलीच्या गॅलरीत काय, पुढचा प्रयोग सुट्टीत मुलांना सहज करता येईल.

१. सारख्या आकाराच्या दोन कुंड्यांत सारखीच माती भरून मेथी किंवा मूग पेरा. रोपे उगवल्यावर दोन्हींत सारख्याच संख्येने ठेवा.

२. आठवड्यानंतर एका कुंडीला रोज एक वाटी पाणी द्या, दुसरीला अर्धी वाटी. वाटी एकच वापरा.

३. रोज सकाळी ठरावीक वेळी, सावलीत, वरून छायाचित्र घ्या. फोन रोज त्याच उंचीवर हवा. स्टुलाला काठी बांधून खूण करून ठेवली की काम सोपे होते.

४. कुंडीत पानांच्या उंचीवर दोन सेंटिमीटर बाजू असलेला लाल कागदाचा चौकोन ठेवा. त्याचे क्षेत्रफळ चार चौरस सेंटिमीटर.

५. पाने मोजण्यासाठी ‘ईझी लीफ एरिया’ नावाचा कार्यक्रम आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी तो २०१४ साली प्रसिद्ध केला. तो असाच लाल चौकोन माप म्हणून वापरतो. संगणक नसेल तर छायाचित्र छापून त्यावर पारदर्शक चौकटीचा कागद ठेवा आणि चौकोन मोजा.

६. वहीत आडव्या रेषेवर दिवस आणि उभ्या रेषेवर क्षेत्रफळ मांडून दोन्ही कुंड्यांच्या रेषा दोन रंगांत काढा.

७. शेवटच्या दिवशी काही पाने खुडून आलेख कागदावर ठेवा आणि हाताने मोजा. छायाचित्राचा आकडा त्याच्याशी किती जुळतो ते पाहा. झाकलेल्या पानांमुळे तो थोडा कमीच भरेल.

दोन रेषा कोणत्या दिवशी एकमेकींपासून दूर जाऊ लागल्या, ते मुलांना विचारा. त्या दिवशी कुंडीकडे नुसते पाहून फरक कळला होता का, हेही विचारा. बहुतेकदा रेषेला तो आधी कळलेला असतो. बारामतीच्या आणि हेसरघट्टाच्या शास्त्रज्ञांना हेच साधायचे असते. फरक इतकाच, की त्यांच्या वहीत दोन नव्हे, शेकडो रेषा असतात, आणि त्यांतल्या एखाद्या रेषेत पुढच्या दुष्काळात तग धरणारी ज्वारी दडलेली असू शकते.